निळ्याला निळा लावणं थांबवायचं का? नाजूक रंगांच्या सिक्लिडवर चर्चा

निळाई
इलेक्ट्रिक ब्लू रॅम, इलेक्ट्रिक ब्लू जॅक डेम्प्सी, अल्बिनो पीकॉक, हे सगळे टाकीत पाळले जाणारे, सिक्लिड कुळातल्या माशांचे रंगीत वाण. यांच्यापैकी कुणाचाही विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: "सुंदर आहे, पण टिकत नाही." हे आपण इतक्या सहज मान्य करून टाकलंय याचा मला त्रास होतो. माझ्या मते यात रंगाचा दोष थोडा आणि आपण जोड्या कशा लावतो त्याचा जास्त.

जॅक डेम्प्सीचंच बघा. निळा रंग अप्रभावी जनुकाचा आहे. आईकडून एक आणि बापाकडून एक, अशा दोन्ही प्रती मिळाल्या तरच पिल्लू निळं होतं. एकच प्रत असलेला मासा दिसायला साधा, पण कॅरिअर, म्हणजे जनुक पुढे देऊ शकणारा. दोन कॅरिअर लावले तर पाव पिल्लं निळी, निळ्याला कॅरिअर लावला तर निम्मी. निळ्याला निळा लावला तर हिशेबाने सगळीच निळी, म्हणून घाई असलेले लोक तेच करतात. अंडी फुटतात, पिल्लं पोहायलाही लागतात, आणि मग बहुतेक सगळी मरतात.

कॅरिअरकडून आलेली निळी पिल्लंही सुरुवातीला मागे पडतात. आर्टेमिया (पिल्लांना खायला घालतात ते बारीक नारिंगी कोळंबीसारखे जीव) सोडला की काळपट भावंडं तुटून पडतात, मिनिटभरात त्यांची पोटं नारिंगी दिसायला लागतात. फिकट, बारीक पिल्लं मागून येतात आणि तळाशी उरलंसुरलं शोधत फिरतात. त्यांना वेळेत वेगळ्या टाकीत काढलं तर तीच पिल्लं सावकाश का होईना, पण वाढतात.

दुसरी गोष्ट इनब्रीडिंगची, म्हणजे नात्यातल्या नात्यात पैदास करण्याची. नवा रंग निघतो तो एखाद-दुसऱ्या माशात. तो पक्का करायला भावाला बहीण लावतात, मग त्यांच्या पिल्लांना पिल्लं. अंतःप्रजननाचा गुणांक, म्हणजे एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता, पहिल्याच पिढीत २५ टक्के, दुसऱ्या पिढीत ३७.५, तिसऱ्या पिढीत ५० टक्क्यांवर जातो. रंगाबरोबर बाकीची दडलेली खराब जनुकंही दुहेरी होत जातात. म्हणून माझी मागणी सरळ आहे: निळ्याला निळा लावणं बंद करा, दर दोन पिढ्यांनी नात्याबाहेरचा साधा मासा आणा आणि कॅरिअरमार्फत रंगाकडे परत या.

काळंपाणी
तुमचं गणित बरोबर आहे, पण रॅम मरतात त्याचं कारण नव्वद टक्के वेळा पाणी असतं असं मला वाटतं. ओरिनोकोच्या खोऱ्यातला, व्हेनेझुएला-कोलंबियाच्या गवताळ मैदानांतला हा मासा. त्याला मऊ, आम्लधर्मी आणि २८ अंशांच्या आसपासचं ऊबदार पाणी लागतं. आपण त्याला २४ अंशांच्या कम्युनिटी टँकमध्ये (अनेक जातींच्या एकत्र टाकीत), पुरती सायकल न झालेल्या, म्हणजे घाण पचवणारे जीवाणू अजून न वाढलेल्या फिल्टरवर ठेवतो आणि मेला की जनुकांवर ढकलतो. साधा जर्मन ब्लू रॅमसुद्धा अशा टाकीत महिनाभर काढत नाही. शिवाय रॅमचं आयुष्यच दोन-तीन वर्षांचं. मोठा करून विकलेला मासा घरी येतो तेव्हा त्यातला बराच काळ संपलेला असतो. आधी हीटर आणि पाणी बदलणं सुधारा, मग वंशावळ बघू.

तळ्याकाठी
मला दोघांचंही पटत नाही. कॅरिअर लावा, आउटक्रॉस करा (नात्याबाहेरचा मासा लावा), हीटर लावा, हे सगळं मासा आजारी पडल्यानंतरचं शहाणपण झालं. मुळात असा मासा तयार का करायचा, हे कुणी विचारत नाही. बलून रॅमचा कणा आखूड असतो, त्यामुळे आतडी आणि वाताशय दाबून बसलेले असतात. ब्लड पॅरट हा संकर, त्याचं तोंड धड मिटत नाही, खाणं तो घशातल्या दातांनी चुरडतो. अल्बिनोच्या डोळ्यात रंगद्रव्य नसल्यामुळे त्याला भगभगीत दिवे सोसत नाहीत, आणि आपण नेमके दिवे वाढवतो, कारण फोटो छान येतो. हे मासे विकत घेणं थांबवलं की पैदास आपोआप थांबेल.

अर्धसूत्री
वेगळा रंग म्हणजे कमजोर मासा, हे निसर्गात तरी खरं नाही. निकाराग्वाच्या तलावांतला मिडास सिक्लिड घ्या. पिल्लं राखाडी असतात. पुढे काहींच्या अंगावरच्या काळ्या रंगपेशी मरतात आणि मासा सोनेरी होतो. ते जनुक प्रभावी आहे, एक प्रत पुरते. सिक्लिडचे अभ्यासक जॉर्ज बार्लो यांनी समान आकाराचे साधे आणि सोनेरी मासे समोरासमोर ठेवले, तेव्हा वरचढ ठरले ते सोनेरी. आफ्रिकेतल्या मलावी तलावात नारिंगीवर काळे ठिपके असलेल्या सिक्लिड माद्या आहेत. हा ठिपक्यांचा रंग पॅक्स७ जनुकाच्या नियंत्रणातल्या बदलाने येतो आणि तो मादी ठरवणाऱ्या जनुकाला चिकटलेला आहे, हे २००९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलं. खडकांवर त्या माद्यांना तो लपायला उपयोगी पडतो. हे मासे तिथे पिढ्यानपिढ्या तगून आहेत.

तरीही निळाई, "रंगाचा दोष थोडा" हे सरसकट म्हणता येणार नाही. एंजल या सिक्लिडमधलं काळं जनुक बघा. एक प्रत असलेला ब्लॅक लेस धडधाकट असतो. दोन प्रतींचा डबल डार्क पूर्ण काळा, मखमली, पण वाढ मंद आणि पिल्लं गळण्याचं प्रमाण जास्त. त्याच काळ्या जनुकाची एक प्रत आणि सोनेरीची एक असलेला हायब्रिड ब्लॅक त्याच्याहून कणखर. म्हणजे इथे त्रास दोन प्रतींचाच आहे, नात्याबाहेरचं कितीही रक्त आणलं तरी तो पूर्ण जाणार नाही. काळ्या आणि चकाकणाऱ्या रंगपेशी भ्रूणातल्या ज्या समूहातून निघतात, त्यातूनच जबड्याचे भाग आणि मज्जातंतूही बनतात. तिथे एक गोष्ट बदलली तर दुसरीवर परिणाम होऊ शकतो. निळ्या जॅक डेम्प्सीचा त्रास रंगाच्या जनुकाचा की नात्यातल्या पैदाशीचा, हे आउटक्रॉस केल्यावरही त्याची निळी पिल्लं मागे पडतात का, यावरून कळेल. तुम्ही स्वतःच लिहिलंय की कॅरिअरचीही मागे पडतात.

पिल्लूघर
आम्हा पैदास करणाऱ्यांची अडचण कुणी लिहिली नाही म्हणून लिहितोय. दोन कॅरिअरच्या जोडीत पाऊण पिल्लं साधी निघतात. त्यातली दोन-तृतीयांश कॅरिअर, एक-तृतीयांश पूर्ण साधी, आणि डोळ्यांनी बघून फरक कळत नाही. जॅक डेम्प्सी वीस सेंटिमीटरच्या पुढे जाणारा, भांडकुदळ मासा. ती शेकडो साधी पिल्लं मी ठेवू कुठे? घेणाऱ्याला फक्त निळा हवा असतो. ती मारून टाकायची का? निरोगी वाणासाठी दर वेळी पाऊण पिल्लं नको असलेली जन्माला घालायची, हे तुमच्या तत्त्वात कसं बसतं, ते सांगा.

निळाई
प्रश्न रास्त आहे. म्हणूनच मी निळ्याला कॅरिअर लावण्याच्या बाजूने आहे. तिथे निम्मी निळी निघतात आणि उरलेली निम्मी सगळीच्या सगळी कॅरिअर, ओळखायचा प्रश्नच नाही. "कॅरिअर" असं लिहून दिली की ती दुसऱ्या पैदास करणाऱ्याच्या कामाला येतात. आणि जोडीला दर वेळी पिल्लं वाढवू द्यायचीच असं नाही. जागा नसेल तर अंडी काढून टाका, वाढलेली पिल्लं मारण्यापेक्षा ते बरं.

अर्धसूत्री, डबल डार्कबद्दल मान्य. ज्या रंगात दोन प्रतींनी मासा खरंच खंगतो, तो एका प्रतीवर थांबवावा, ब्लॅक लेसवर समाधान मानावं. बलून आणि ब्लड पॅरटच्या बाबतीत मी तळ्याकाठींच्या बाजूने आहे, तिथे बिघाड शरीराच्या घडणीतच आहे. निळ्या डेम्प्सीवर मात्र मी अजून ठाम आहे. मागे पडलेलं पिल्लू वेगळं काढल्यावर वाढतं, मोठं होऊन अंडी घालतं, ही त्याच्या बाजूने मोठी साक्ष आहे.

तळ्याकाठी
वेगळं काढल्यावरच जगतं, हेच माझं म्हणणं आहे.

काळंपाणी
डिस्कस या सिक्लिडची पिल्लंही आईबापाच्या अंगावरचा स्राव खाऊन वाढतात, सुरुवातीला त्यांना सोडून जगत नाहीत. काळजी लागते म्हणून वाण बाद करायचा तर निम्मे सिक्लिड बाद होतील.

तळ्याकाठी
डिस्कसची काळजी त्याचे आईबाप घेतात. निळ्या पिल्लाला माणूस लागतो. हा फरक मला लहान वाटत नाही.

पिल्लूघर
निळ्याला कॅरिअर ही जोडी मी लावून बघतो. पण कॅरिअर माझ्या निळ्याच्या नात्यातला नको, म्हणजे दुसऱ्या लाइनची (वंशावळीची) नोंद असलेला मासा लागणार. इथे कुणाकडे आईबापांच्या नोंदीसह कॅरिअर मादी असेल तर कळवा. नर माझ्याकडे आहे, त्याच्या मागच्या दोन पिढ्या लिहून ठेवल्या आहेत.