पहिल्या वर्षाचा मुलगा एकटा पडलाय, ओरलला तोंड उघडत नाही. मेंटॉरने काय करावं?

फळा_खडू: इंजिनिअरिंगला प्रवेशाच्या शेवटच्या राउंडमधून आलेला मुलगा, तोवर वर्गात ग्रुप पडून गेलेले. दहावीपर्यंत मराठी माध्यम. लेक्चर संपलं की थेट रूमवर. जर्नल वेळेत, अक्षर सुरेख. पण ओरलला गप्प आणि गणितात 20 पैकी 6. 'आत्मविश्वास वाढव' म्हणून काही होत नाही. नेमकं काय करू?

मानसशास्त्र_कट्टा: जर्नल चोख आणि गणित ढासळलेलं, ही जोडी ओळखीची आहे. बाउमायस्टर आणि ट्वेंगी या मानसशास्त्रज्ञांच्या 2002 च्या प्रयोगांत काहींना 'पुढे तुम्ही एकटे पडाल' असं खोटंच सांगितलं होतं. ते तर्काच्या प्रश्नांत घसरले, साधं पाठांतर मात्र शाबूत राहिलं. म्हणून हजेरी-सबमिशनवरून एकटेपणा दिसत नाही. त्यापेक्षा विचारा: बुडलेल्या लेक्चरच्या नोट्स कोणाकडून घेतोस? 'यूट्यूब' म्हणाला तर समजून जा.

एम_वन_वाले: अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात 1970 च्या दशकात गणितज्ञ यूरी ट्राइसमन यांना दिसलं, की कॅल्क्युलसमध्ये मागे पडणारी कृष्णवर्णीय मुलं भरपूर अभ्यास करत, पण एकटीच. चिनी वंशाची मुलं आधी स्वतः सोडवत, मग एकमेकांशी ताडून बघत. तेच इथे करा. चौघं घ्या, टॉपर नको. तो सांगत सुटतो आणि बाकीचे उतरवून घेतात. आठवड्यातून दोनदा दीड तास, 5 गणितं. पहिली 40 मिनिटं कोणी बोलायचं नाही, मग प्रत्येकाने आपली अडलेली पायरी फळ्यावर मांडायची. गणितं जरा अवघडच द्या, सोप्या गणितांना बोलायची गरजच पडत नाही. आणि 'कच्च्या मुलांचा तास' हे नाव चुकूनही देऊ नका, कोणी फिरकणार नाही.

व्हायवा_व्हायवा: आधी अडचण विषयाची की इंग्रजीची ते बघा. तोच प्रश्न मराठीत विचारा. धडाधड उत्तर आलं, तर व्याख्या इंग्रजीत आणि खुलासा मराठीत, असा सराव एकाच पार्टनरसोबत, रोज 3 प्रश्न. सगळ्यांसमोर उभं करणं शेवटी.

झोप-जेवण बिघडलं असेल तर मात्र ग्रुपवर विसंबू नका. समुपदेशकाकडे न्या, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर द्या. मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

फळा_खडू: चौघं कुठून आणू? ग्रुप तर ठरलेले.

एम_वन_वाले: हजेरीपटाच्या शेवटी बघा. उशिरा आलेल्यांचे रोल नंबर बहुधा तिथेच असतात, आणि त्यांनाही अजून कोणी भेटलेलं नसतं.