जुन्या सॅन स्टॉर्मचे बेल्ट: शिट्टी बाहेरच्याची, धास्ती आतल्याची

कपाशी_कट्टा (दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार. गेल्या दीड वर्षापासून माझ्याकडे सॅन स्टॉर्म ही दोन आसनांची जुनी गाडी आहे. गोव्यात बनलेली, फायबरग्लासच्या बॉडीची आणि रेनोच्या ११४९ सीसी पेट्रोल इंजिनाची ही गाडी आमच्या तालुक्यात दुसऱ्या कोणाकडे नसावी. ती बसस्थानकासमोर उभी केली की पाच मिनिटांत भोवती गर्दी जमते, मात्र तिच्या इंजिनाविषयी खात्रीने बोलणारा त्या गर्दीत एकही नसतो, ही माझी अडचण आहे.

महिनाभरापासून सकाळी गाडी चालू करताच इंजिनातून शिट्टीसारखा आवाज येतो, दोनेक मिनिटांत तो थांबतो आणि एसी लावला की पुन्हा सुरू होतो. टॉर्च घेऊन पाहिले तेव्हा बाहेरच्या बेल्टच्या (पंखा विजेवर चालत असला तरी आमच्याकडे त्याला अजून फॅन बेल्टच म्हणतात) आतल्या धारांवर (लांबीभर गेलेल्या उंचवट्यांवर) आडव्या भेगा दिसल्या. बोटभर लांबीत मी चार भेगा मोजल्या, आणि एका ठिकाणी तर धारेचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा उडालेला आहे. गावातल्या मिस्त्रींनी चालत्या बेल्टला मेणबत्ती घासून दिली, त्याने दोन दिवस शांतता मिळाली आणि तिसऱ्या दिवशी शिट्टी पूर्वीपेक्षा मोठी झाली.

मला अधिक धास्ती आहे ती टायमिंग बेल्टची, म्हणजे कव्हरच्या आत राहून इंजिनाचे भाग एका मेळात फिरवणाऱ्या दातेरी बेल्टची. आधीच्या मालकांनी ‘बदललेला आहे’ एवढेच सांगितले होते, पण केव्हा आणि किती किलोमीटरवर याचा कागद त्यांच्याकडे नव्हता. मीटरवर ५२,००० किलोमीटरचा आकडा आहे आणि माझ्याकडे गाडी वर्षाला जेमतेम दोन हजार चालते. इतक्या कमी चालणाऱ्या गाडीचा टायमिंग बेल्ट केवळ वय झाले म्हणून बदलावा काय? आणि बदलायचाच असेल तर या अवस्थेत गाडी स्वतः चालवत यवतमाळमार्गे नागपूरला न्यावी, की लादून न्यावी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रेचा_आणि_रुई (हिंगणघाट)

मी मोटार मेकॅनिक नाही, जिनिंगमध्ये फिटर आहे. मात्र बेल्ट आणि पुली यांच्या सहवासात बावीस हंगाम काढले असल्यामुळे बाहेरच्या बेल्टपुरते बोलण्याचा अधिकार मला असावा, असे वाटते.

सर्वप्रथम मेणबत्ती, साबण, राळ हे सर्व प्रकार बंद करावेत. आमच्याकडे पूर्वी सपाट बेल्टला राळ लावत असत, कारण त्या बेल्टची पकड केवळ पृष्ठभागावर अवलंबून असे, पण धारांच्या बेल्टवर मेण लावले की ते खाचांत बसते, त्यावर आपल्याकडची धूळ चिकटते आणि पुलीच्या खाचाही घासल्या जाऊ लागतात. मेण लागलेला बेल्ट बदलताना पुल्या ब्रशने घासून स्वच्छ करणे आवश्यक आहे, अन्यथा नवा बेल्टही आठ दिवसांत ओरडेल.

आवाज कशाचा आहे हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. इंजिन चालू ठेवून बेल्टच्या धारांच्या बाजूवर स्प्रेने थोडे पाणी मारावे. आवाज वाढला, तर बेल्ट घसरत आहे, म्हणजे ताण कमी आहे किंवा धारा झिजल्या आहेत. आणि आवाज क्षणभर थांबून पुन्हा आला, तर पुल्या एका रेषेत नाहीत असे समजावे. हे करताना गळ्यातला दुपट्टा आधी काढून ठेवावा. ही सूचना काही जणांना अनावश्यक वाटेल, पण दुपट्ट्याने झालेला अपघात मी डोळ्यांनी पाहिला आहे, म्हणून लिहितो.

गाडीचे नाव सांगून आपल्याला कोणत्याही दुकानात बेल्ट मिळणार नाही, मात्र क्रमांक सांगून मिळू शकेल. बेल्टच्या पाठीवर ‘५पीके११५०’ अशा पद्धतीचे काही छापलेले असते, त्यात पाच म्हणजे धारांची संख्या, पीके म्हणजे धारेचे माप आणि ११५० म्हणजे मिलिमीटरमध्ये लांबी. (हा आकडा उदाहरणादाखल आहे, आपल्या बेल्टवरचा आकडा आपण वाचावा.) अक्षरे पुसट असतील तर ओल्या फडक्याने पुसून, टॉर्च तिरपा धरून पाहावे. सुतळीने मोजलेली लांबी छापील लांबीशी जुळतेच असे नाही, त्यामुळे तो मोह टाळावा.

आणखी एक. आमच्यासारखे वी-बेल्टवर हात बसलेले लोक ताण देताना फार जोर लावतात. गाडीच्या बेल्टला तसा ताण दिला, तर शिट्टी जाईल, पण अल्टरनेटरचे (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचे) बेअरिंग लवकरच बोलू लागेल.

वऱ्हाडी_स्टेअरिंग (अकोला)

भाऊ, आपण उगाच काळजी करीत आहात असे माझे मत आहे. माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचा टायमिंग बेल्ट मी तेरा वर्षे बदलला नव्हता, आणि अकोल्यासारख्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात ती गाडी रोज चालत होती. वरचे कव्हर काढून पाहावे, बेल्टवर भेग दिसत नसेल तर त्याला हात लावू नये. बाहेरचा बेल्ट तेवढा बदलावा, तो तुटला तरी फार तर बॅटरी चार्ज होणार नाही आणि एसी बंद पडेल. चांगले चाललेले इंजिन उघडून बिघडवणारे मिस्त्री आपल्याकडे कमी नाहीत.

बारा_तेराचा_पाना (नागपूर)

अकोल्याच्या दादांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे, मात्र त्याआधीच्या दोन्ही विधानांशी नाही, आणि ही असहमती थोडी सविस्तर मांडावी लागेल.

बाहेरचा बेल्ट तुटला तर केवळ बॅटरी आणि एसी जाईल, हा समज सर्वत्र आहे. परंतु असा बेल्ट बहुधा एका झटक्यात तुटत नाही. त्याची एक धार सुटते, त्यातले दोरे उसवतात आणि ते क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) पुलीभोवती गुंडाळले जाऊ लागतात. त्या पुलीच्या लगेच मागे टायमिंग बेल्टचे खालचे कव्हर असते. ते दोरे कव्हरच्या फटीतून आत शिरले, तर टायमिंग बेल्टच्या दात्यांखाली येतात आणि त्याला एकदोन दात्यांनी सरकवतात किंवा पुलीवरून उतरवतात. रेनोच्या इतर काही इंजिनांमध्ये अशा प्रकारे झालेले नुकसान मी पाहिले आहे. तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा उडालेला हा बेल्ट केवळ कर्कश आवाज करतो एवढेच मानून चालणार नाही. माझ्या मते ती सुरुवात आहे. हा बेल्ट बदलेपर्यंत गाडी गावाबाहेर काढू नये.

आता टायमिंग बेल्ट. त्याच्यावरचे रबर दिसते, पण भार वाहतात ते रबराच्या आतले काचतंतूचे दोरे, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. वर्षानुवर्षे एकाच वळणात उभ्या राहणाऱ्या गाडीत, दुपारच्या उन्हात तापून आणि रात्री थंड होऊन, रबर कडक होत जाते आणि दात्यांच्या मुळाशी सूक्ष्म भेगा पडतात. बेल्ट सरळ असताना त्या भेगा मिटलेल्या असतात, त्यामुळे कव्हर काढून वरून पाहिले तर पाठ गुळगुळीत आणि काळीभोर दिसते. दादांचा बेल्ट तेरा वर्षे टिकला याचा मला आनंद आहे, पण ज्यांचा टिकला नाही ते लोक सहसा अशा चर्चेत लिहायला येत नाहीत. नोंद नसलेल्या गाडीसाठी मी पाच वर्षे किंवा साठ हजार किलोमीटर, यांतले जे आधी येईल ते धरतो. आपल्या बाबतीत किलोमीटर कधीच आधी येणार नाहीत.

तुटल्यावर काय होते हेही समजून घ्यावे. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट (इंजिनात हवा घेणारे आणि धूर सोडणारे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एकदा फिरतो, आणि हे गणित केवळ त्या दात्यांवर उभे असते. बेल्ट तुटला की कॅमशाफ्ट जागीच थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, आणि खालून पिस्टन मात्र वेगाने वर येतच राहतो. अनेक इंजिनांत त्यामुळे व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावे लागते. ज्या गाडीचे हेड गॅस्केटही बाहेरून मागवावे लागणार आहे, त्या गाडीच्या मालकाने अशी जोखीम पत्करू नये.

सुटे भाग मागवताना ‘स्टॉर्म’ हे नाव बाजूला ठेवावे आणि इंजिनावरच्या पट्टीवरील क्रमांक वाचावा. आपल्याकडील ११४९ सीसीचे इंजिन रेनोच्या डी७एफ या मालिकेतील आहे, तेच युरोपात क्लिओ आणि ट्विंगो या गाड्यांत होते, त्यामुळे त्या नावांनी शोधल्यास भाग सापडतात. येथे कोणी तरी आपल्याला ‘लोगनचा बसेल’ असे नक्की सांगेल. भारतात विकलेल्या लोगनची पेट्रोल इंजिने १.४ आणि १.६ लिटरची, वेगळ्या मालिकेतील आहेत. तिचा बेल्ट घेऊ नये.

केवळ बेल्ट न घेता टेन्शनरसह (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीसह) पूर्ण संच घ्यावा. जुना टेन्शनर बोटाने फिरवून कानाजवळ धरावा, तो निःशब्द आणि किंचित जड फिरला पाहिजे. घरघर येत असेल किंवा भिंगरीसारखा मोकळा फिरत असेल, तर आतले ग्रीस संपले आहे. कॅम आणि क्रँक यांची ऑइल सील (तेल बाहेर येऊ न देणारी रबरी कडी) त्याच वेळी पाहावीत, कारण तेलाने भिजलेला नवा बेल्ट जुन्यापेक्षा लवकर जातो. पाण्याचा पंपही तेव्हाच तपासावा. त्याच्याभोवती पांढरट किंवा हिरवट डाग असतील, तर तो बदलूनच कव्हर लावावे. मजुरी दोनदा देण्यात शहाणपण नाही.

मिस्त्रींच्या कामात एकच गोष्ट समोर उभे राहून पाहावी. काही जण जुन्या बेल्टवर आणि पुल्यांवर व्हाइटनरने खुणा करतात, दाते मोजून त्या नव्या बेल्टवर उतरवतात आणि काम झाले असे समजतात. मागच्या वेळी कोणी एक दाता चुकवला असेल, तर ती चूकही इमानेइतबारे नव्या बेल्टवर उतरते. कंपनीच्या मूळ खुणा जुळवाव्यात, ताण द्यावा, मग स्पार्क प्लग काढून, क्रँकच्या बोल्टवर पाना लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावे आणि खुणा पुन्हा जुळतात का ते पाहावे. कुठे अडकल्यासारखे वाटले तर जोर न लावता थांबावे. हे न करता थेट चावी फिरवणाऱ्या मिस्त्रींकडे मी माझी गाडी दिली नसती.

गाडी नागपूरला चालवत आणू नये, लादून आणावी.

कपाशी_कट्टा (दारव्हा, जि. यवतमाळ)

सर्वांचे आभार. काम होऊन आठ दिवस झाले, म्हणून येथे लिहीत आहे.

पाण्याची परीक्षा घेतली, आवाज वाढला. बेल्टचा क्रमांक ओल्या फडक्याने वाचता आला, आणि तो बेल्ट आश्चर्य वाटावे इतक्या सहज यवतमाळच्या दुकानात मिळाला. दुकानदारांनी गाडीचे नाव विचारलेसुद्धा नाही. टायमिंगचा संच मात्र इंजिनाच्या क्रमांकावरून मागवावा लागला आणि त्याला सव्वा महिना लागला. तोपर्यंत गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये झाकून ठेवली होती.

लादण्याचा प्रश्न अपेक्षेपेक्षा अवघड निघाला. गाडी इतकी बुटकी आहे की ट्रॉलीला फळ्या लावल्या तर पुढचा बंपर फळीला टेकतो. शेवटी बाजार समितीच्या धक्क्याला ट्रॉली मागून लावली आणि धक्क्यावरून गाडी चौघांनी ढकलत सरळ आत नेली. यवतमाळपर्यंत ट्रॉली आणि तेथून पुढे नागपूरपर्यंत गाड्या वाहणारा ट्रक, असा प्रवास झाला.

कव्हर काढल्यावर टायमिंग बेल्टची पाठ खरोखरच गुळगुळीत होती, आणि अकोल्याचे दादा बरोबर होते असे मला क्षणभर वाटले. मिस्त्रींनी तो उतरवून दात्यांच्या बाजूने उलटा वाकवला, तेव्हा जवळजवळ प्रत्येक दात्याच्या मुळाशी केसासारखी भेग उघडली. पाठीवर पुसट अक्षरांत २०११ हे साल छापलेले होते. म्हणजे आधीच्या मालकांनी बेल्ट बदलला होता हे खरेच होते. टेन्शनर फिरवला तर जात्यासारखी घरघर आली. कॅमचे ऑइल सीलही पाझरत होते, ते बदलले. पाण्याचा पंप कोरडा होता, तरी तो संचात आलेला असल्यामुळे नवाच बसवला.

हाताने दोन फेरे फिरवताना मी समोर उभा होतो. पहिल्या वेळी खूण अर्ध्या दात्याने पुढे दिसली, म्हणून मिस्त्रींनी स्वतःहून सर्व उतरवून पुन्हा बसवले, आणि त्यात संध्याकाळ झाली.

हिंगणघाटच्या फिटर दादांना विशेष सांगायचे म्हणजे, बाहेरच्या बेल्टच्या पुल्यांच्या खाचांतून निघालेले मेण आणि धूळ यांचे काळे कीटण चहाच्या अर्ध्या कपाएवढे होते. आता सकाळी शिट्टी येत नाही. नव्या बेल्टची तारीख आणि मीटरवरचा आकडा मी वरच्या कव्हरच्या आतल्या बाजूस पक्क्या शाईने लिहून ठेवला आहे.