मदत हवी आहे: छोट्या पफचा तळ कच्चा राहतोय

शनिवारी घरी २५ जण जेवायला आहेत, सुरुवातीला एका घासाचे साधारण ६० पफ करायचे आहेत. पफ पेस्ट्रीची (पापुद्रे सुटणाऱ्या पिठाची) तयार फ्रोझन शीट, दोन इंचाचे चौकोन दुमडून त्रिकोण, आत मशरूम-कांद्याचं सारण. ओटीजीत (छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) २०० अंशांवर २० मिनिटं. वरून सुरेख फुलतात, सोनेरी होतात, पण तळ चिकट!

सारण कोरडं परतून, पूर्ण गार करूनच भरलं. भाजण्याआधी १५ मिनिटं फ्रीजमध्येही ठेवले. फरक पडला, पण पुरेसा नाही. ट्रे ॲल्युमिनियमचा, मधल्या कप्प्यात. अंडं चालणार नाही, वरून दूध लावते.

ट्रे आधी तापवून घ्यावा की खालच्या कप्प्यात ठेवावा? आणि आदल्या रात्री भरून फ्रीझरमध्ये ठेवले, तर तसेच गोठलेले थेट भाजता येतील का?