मदत हवी आहे: भाच्याला बोथट बटरफ्लाय चाकू (ट्रेनर) हवाय. कायदा, खरेदी आणि बोटं, तिन्हींची काळजी

तापीकाठचा_मामा, जळगाव

मंडळी, नमस्कार. बहिणीचा मुलगा अकरावीला आहे, शिकायला आमच्याकडे राहतो. काउंटर-स्ट्राइक खेळून आणि रील बघून त्याच्या डोक्यात बटरफ्लाय चाकू बसलाय. खरा धारेचा नाही, ट्रेनर म्हणतात तो. पातं बोथट, टोक गोल, पात्याला भोकं पाडलेली. दोन दांड्या पात्याभोवती फिरतात. मनगटाच्या झटक्यानं उघडायचा, मिटायचा, बोटांवरून लोळवायचा. सध्या पठ्ठ्यानं प्लास्टिकच्या पट्ट्या स्क्रूनं जोडून जुगाड केलंय आणि अभ्यासाच्या टेबलावरून दिवसभर खटखट ऐकू येते.

बहीण धुळ्याहून फोनवर म्हणाली, "दादा, तुझ्या घरात चाकू आला तर मी पोराला परत घेऊन जाईन." मेव्हण्यांना यात काही वावगं दिसत नाही. माझं मत असं, की आपण नाही म्हटलं तर तो मित्राच्या पत्त्यावर मागवणारच, आणि मग नेमकं काय मागवलं ते आपल्याला कळणारही नाही. त्यापेक्षा उघडपणे घेऊन द्यावा.

पण घेण्याआधी विचारतो. बोथट असला तरी हा चाकूच धरतात का? ऑनलाइन तीन-चारशेपासून पुढे वाटेल त्या किमतीला दिसतात, त्यातला कुठला घ्यावा? आणि त्याला तो कॉलेजात नेऊन दाखवायचाय, हे मला सगळ्यात जास्त खटकतंय. माझी भीती फाजील आहे का?

भरीत_पुरी, यावल

भाऊ, पोरेस्ना हातमा मोबाइल काय कमी व्हता का, आते हाई नवं याड!

काळा_कोट, धुळे

मामा, भीती फाजील नाही. मी फौजदारी कामं बघतो, म्हणून थोडं सविस्तर.

शस्त्र अधिनियम 1959 मध्ये 'शस्त्र' म्हणजे काय ते कलम 2(1)(c) मध्ये दिलंय. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी हत्यार म्हणून बनवलेली कुठलीही वस्तू त्यात येते. मात्र दोन गोष्टी बाहेर ठेवल्यात. एक, निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापराच्या वस्तू. दुसरी तुमच्या कामाची: जी खेळण्यापलीकडे वापरता येत नाही आणि जिचं चालू हत्यारात रूपांतरही करता येत नाही, अशी वस्तू. या वाक्याचा उत्तरार्ध नीट वाचा. बोथट पात्याचा ट्रेनर खेळणं ठरायचा तर त्याचं हत्यार करता येऊ नये. काही विक्रेते त्याच दांड्यांत बसणारं धारेचं पातं वेगळं विकतात. तसला संच घेऊ नका. आणि पोरानं हौसेनं धारवाल्याकडून ट्रेनरच्या पात्याला धार लावून आणली, तर खेळण्याचा मुद्दा तिथंच संपला.

शस्त्र नियम 2016 मध्ये 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत आहेत. ते वाचून पोरं म्हणतात, "आपला तर चार इंची, म्हणजे चालतो." इतकं सोपं नाही. दिल्लीत 1980 च्या अधिसूचनेनं 7.62 सेंटिमीटर लांब आणि 1.72 सेंटिमीटर रुंद पात्यापासूनच अटकाव आहे. ती अधिसूचना दिल्लीची, आपल्याकडची नाही. पण चार इंची पातं प्रत्येक ठिकाणी चालेलच असं धरून प्रवासाला निघू नये, म्हणून सांगितलं.

आपल्याकडचा खरा अडथळा वेगळाच आहे: महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 37(1). 'जिल्ह्यात 37(1)(3) लागू' ही बातमी तुम्ही पेपरात कायम बघता. सणासुदीला, निवडणुकीला, मोर्चांच्या काळात जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश निघतात, साधारण पंधरा-पंधरा दिवसांचे, कधी एकाला लागून दुसरा. त्यात तलवारी, सुरे, लाठ्या यांच्यासोबत 'शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू' जवळ बाळगून फिरायला मनाई असते. तिथं धार आहे की नाही हा प्रश्न मागे पडतो. लोखंडी दांड्यांची जड वस्तू आहे, एवढं पुरतं. आदेश मोडला तर त्याच अधिनियमाच्या कलम 135 खाली शिक्षा.

म्हणून घरात ठेवा, घरात खेळा. कॉलेजात, एसटीत, रेल्वेत, गाडीच्या डिकीत नको. विमानात केबिन बॅगेत तर नाहीच. बिल आणि विक्रेत्याच्या पानाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. 'बोथट, सरावासाठी' असं त्यावर लिहिलेलं असलं तर बरं.

आणि रील. हत्यार हातात घेऊन स्टेटस टाकला म्हणून पोरांना उचलल्याच्या बातम्या आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत येतात. स्क्रीनवर पातं बोथट आहे हे कुणाला दिसणार? व्हिडिओ काढायचाच तर भडक रंगाचा ट्रेनर घ्या आणि मागे ती 'भाई'छाप गाणी नकोत.

तापीकाठचा_मामा

काळा कोट साहेब, मनापासून आभार. वेगळ्या पात्याचा संच त्याच्या यादीत होता, तो कटाप. यूट्यूबवर इंग्लंडमध्ये याला पूर्ण बंदी आहे असं ऐकलं, म्हणून जास्त धास्तावलो होतो.

काळा_कोट, धुळे

तिथं बटरफ्लाय चाकूच्या विक्रीवर 1988 पासूनच बंदी आहे, बरोबर. पण तो त्यांचा कायदा. आपल्याकडे बटरफ्लाय असं नाव घेऊन केंद्राच्या कायद्यात वेगळं कलम नाही, सगळं वर सांगितलेल्या व्याख्येवर आणि आदेशांवर चालतं.

लेथ_मशीन, भुसावळ

कायद्याचं झालं, आता लोखंडाचं बोलतो. मी स्वतः ट्रेनर फिरवतो, वय विचारू नका.

मूळ चाकू फिलिपिन्सचा, बातांगास प्रांतातला. तिकडे त्याला बालिसाँग म्हणतात. घेताना लोक पातं बघतात, बघायचा असतो तो सांधा. पात्याच्या बुडाशी दोन खिळी असतात आणि सगळा भार त्यांच्यावर. स्वस्त मालात दांड्या जस्ताच्या ओतीव असतात आणि सांध्याला रिव्हेट ठोकलेले. आठ-पंधरा दिवसांत डुगडुग सुरू होते आणि रिव्हेट आवळता येत नाही. एकदा फरशीवर आपटला की ओतीव दांडी भोकापाशी तडकते. मग फिरवताना अर्धा चाकू हातात आणि अर्धा टीव्हीत. बोथट असला तरी डोळ्यावर आला तर काय होईल ते सांगायला नको.

म्हणून स्क्रूचा घ्या. दांड्या स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या, शक्यतो अखंड तुकड्यातून खाच पाडलेल्या. सांध्यात वॉशर, बुशिंग किंवा बेअरिंग असतं. बेअरिंगचा लोण्यासारखा फिरतो, पण धूळ गेली की करकरतो, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात धुळीला तोटा नाही. नवशिक्याला साधे ब्राँझ वॉशर पुरतात. स्क्रू बहुतेक टॉर्क्स, म्हणजे सहा टोकांच्या ताऱ्यासारख्या खाचेचे असतात. त्यांचा पेचकस तुमच्या जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाइलचं सामान विकणाऱ्यांकडे मिळेल. स्क्रू फिरून फिरून ढिले होतात, म्हणून निळं थ्रेडलॉकर (स्क्रू जाम धरून ठेवणारा चिकट द्रव) एक थेंब लावून रात्रभर सुकू द्या. लाल आणू नका, ते पुढे गरम केल्याशिवाय सुटत नाही. वॉशरला शिलाई मशीनचं तेल, तेही थेंबभर.

पार्सल आलं की आधी तुम्ही उघडा, भाचा नाही. ट्रेनर लिहून धारेचा पाठवल्याची उदाहरणं आहेत. पात्याच्या दोन्ही कडा सपाट आणि जाड हव्यात, वहीचा कागद त्यावर ओढला तर चिरता कामा नये. चिरला तर सरळ परत पाठवा. घरी कानस मारून बोथट करायच्या फंदात पडू नका.

अगदी सुरुवातीला प्लास्टिकचाही मिळतो. वजन कमी म्हणून झटका बसत नाही आणि बोटं सुजत नाहीत. बहिणीला शांत करायलाही तो बरा.

केळीचा_घड, रावेर

मना आंडोरनी (पोरानं) बी हाऊच हट्ट धरा व्हता. आम्ही बटरफ्लाय कंगवा घेऊन दिला, पात्याच्या जागी कंगवा असतो तो. आता फिरवतोही आणि भांगही पाडतो.

लेथ_मशीन, भुसावळ

कंगवा चांगला आहे, फक्त वजनाचा तोल वेगळा पडतो.

सरावाचं राहिलं. शहाबादी फरशीवर उभं राहून करू नका. खाली गादी किंवा दुपदरी गोधडी, पायात बूट, पंखा बंद, लहान भावंडं खोलीबाहेर. मोबाइल खाली ठेवून शूटिंग करणाऱ्यांच्या स्क्रीन फुटतात, तोही लांब ठेवा. मे महिन्यात पंखा बंद करून करायचं म्हणजे तळहात घामानं निसरडे होतात, तेव्हा सकाळी लवकर करा आणि टॉवेल जवळ ठेवा. हवेत उडवून झेलायचे प्रकार पहिले काही महिने नकोत. उघडणं-मिटणं आडवं आणि उभं, दोन्ही हातांनी जमू दे. पडायला लागला तर पडू द्यायचा, झडप घालून पकडायचा नाही, हे आधी शिकवा. मनगट दुखलं की थांबायचं. पोरं ते ऐकत नाहीत आणि मग परीक्षेत पेन धरता येत नाही.

तापीकाठचा_मामा

दोन दिवस घरात खल झाला. स्क्रूचा, नारिंगी रंगाचा, ॲल्युमिनियम दांड्यांचा मागवला. अटी लिहून घेतल्यात: घराबाहेर न्यायचा नाही, रील मला दाखवल्याशिवाय टाकायचं नाही, धारेचं पातं आणलं तर वस्तू जप्त. बहिणीला व्हिडिओ कॉलवर कागद ओढून दाखवला, तेव्हा कुठं ती हसली. "पण कॉलेजात दिसला तर बघ," हे आहेच.

एक शेवटचं विचारतो. एका दांडीच्या टोकाला जी कडी आहे, मिटल्यावर अडकवायची, ती फिरवताना फटकन बोटाच्या पेरावर बसते. पेर निळं झालंय. काढली तर चालते का?

लेथ_मशीन, भुसावळ

चालते, बरेच जण काढतात. स्क्रूनं बसवलेली असेल तर खोला, स्क्रू आणि कडी डबीत जपून ठेवा. कडी बहुतेक त्या दांडीवर असते जी धारेच्या बाजूला मिटते, म्हणजे खऱ्या चाकूत जी धरली तर बोट कापेल ती. कडी काढली की दोन्ही दांड्या सारख्या दिसतात आणि पोरगं चुकीची धरायला शिकतं. म्हणून काढायच्या आधीच त्या दांडीवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. ठेवताना मिटून रबरबँड लावा.