मागे वळून पाहणाऱ्या त्या मुलाला तुम्ही कोणकोणती नावे दिलीत?

मार्कंडेयकाठ:
आमच्या गल्लीतल्या मंडळाने यंदा विनोदी ओळींची स्पर्धा ठेवली आहे आणि त्यासाठी मुलांनी निवडलेले चित्र पाहताच माझे जुने खूळ जागे झाले. मैत्रिणीबरोबर चाललेला मुलगा लाल पोशाखातल्या दुसऱ्याच मुलीकडे वळून पाहतो आणि मैत्रीण अवाक होऊन त्याच्याकडे पाहते, तेच ते चित्र. आंतोनिओ गिलेम या छायाचित्रकाराने ते स्पेनमधल्या गिरोना शहरात २०१५ मध्ये विक्रीच्या छायाचित्रसंग्रहासाठी काढले होते. जगभर पसरले ते २०१७ च्या ऑगस्टमध्ये. त्या वर्षी गणपतीही ऑगस्टअखेरीसच आले होते, त्यामुळे माझी पहिली ओळ विसर्जनावरच सुचली. मुलावर 'मंडळाचे कार्यकर्ते', मैत्रिणीवर 'सहाला निघणारी मिरवणूक' आणि लाल पोशाखावर 'अजून एकदा साउंड चेक'. बेळगावची मिरवणूक दुसऱ्या दिवशी उजाडले तरी रस्त्यातच असते, हे इथे कोणाला सांगावे लागत नाही, म्हणून ती ओळ चालली. पुण्याच्या मावसभावाला मात्र समजावून सांगावी लागली आणि समजावल्यावर तिच्यात हसण्यासारखे काही उरले नाही. तुम्ही लिहिलेल्या ओळी आणि त्यांचे पुढे काय झाले, हे दोन्ही सांगा.

खानापूरची सून:
मुलगा 'वीज', मैत्रीण 'खानापूर तालुका', लाल पोशाख 'पावसाचे दोन थेंब'. हे लिहिले तेव्हा वीज गेलेलीच होती, त्यामुळे फोनची बॅटरी संपण्याआधी पाठवण्याच्या घाईत मी एकही जादा शब्द घातला नाही आणि माझी सर्वांत चांगली ओळ तीच ठरली.

टिळकवाडी_तिसरे_गेट:
ताई, ओळ झकास आहे. एक तांत्रिक शंका विचारतो. आपण डावीकडून वाचतो आणि लाल पोशाखातली मुलगी चित्रात डावीकडेच आहे, म्हणजे विनोदाचा शेवट आधीच फुटत नाही का?

मार्कंडेयकाठ:
फुटत नाही, कारण ती पुढे असली तरी धूसर आहे. नजर आधी स्पष्ट दिसणाऱ्या जोडीवर जाते, त्यातही मुलाच्या चेहऱ्यावर, आणि तो जिकडे पाहतो तिकडे मग आपण पाहतो. म्हणून मुलाला सर्वांना ठाऊक असलेले साधे नाव द्यावे आणि गंमत लाल पोशाखासाठी राखून ठेवावी. पूर्ण वाक्य तर कोणावरच लिहू नये. वाक्य आले की त्या माणसांकडे कोणी पाहतच नाही.

छापखान्यातला:
अक्षरांबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून मी बोलतो. अशा चित्रांवर काळ्या कडेची पांढरी जाड अक्षरे वापरण्याची रीत इम्पॅक्ट या १९६५ सालच्या टंकामुळे रुळली आणि त्या टंकात देवनागरी नाही. आपण दुसऱ्या टंकाला तशीच जाड कड दिली की जोडाक्षरांच्या पोटातली जागा बुजते आणि रफार शिरोरेषेवर डाग पडल्यासारखा दिसतो. आमच्याकडे फलक करायला आलेल्या एका मुलाला 'राष्ट्रीय महामार्ग दुरुस्ती' असे लिहून हवे होते. मी त्याला 'डांबर' एवढेच लिहायला लावले. वाचायला सोपे झाले आणि जास्त हसूही आले.

घटप्रभा:
आता मूळ मुद्द्यावर येऊ. बेळगावच्या एका नातेवाइकांनी आमच्या कुटुंबाच्या गटात मुलावर 'पाहुणे', मैत्रिणीवर 'गोकाकचा करदंट' आणि लाल पोशाखावर 'बेळगावचा कुंदा' असे लिहून पाठवले. मी फक्त दोन्ही मिठायांची अदलाबदल करून तेच चित्र परत पाठवले. त्यानंतर त्यांच्याकडून कुंदा येणे बंद झाले आहे.

टिळकवाडी_तिसरे_गेट:
करदंट चावता चावता पाहुण्याला मागे वळून पाहायला सवड तरी मिळते का हो?

घटप्रभा:
डिंक आणि सुका मेवा पचवणाऱ्या माणसाची मान भक्कम असते, काळजी नसावी.

दोन_भाषांचे_घर:
माझे माहेर कन्नड आणि सासर मराठी, त्यामुळे माझ्या ओळी दोन्हीकडे चालाव्या लागतात. मुलावर 'फोनवरची आई', मैत्रिणीवर 'मी सांगत असलेली मोठी बातमी' आणि लाल पोशाखावर 'ऊट आयता?' एवढेच लिहिले होते. हे चित्र मी आधी सासूबाईंना दाखवले, तर त्या हसल्या आणि लगेच मला म्हणाल्या, "बरं, जेवलीस का?" आईला मात्र यात विनोद कुठे आहे ते अजून कळलेले नाही, कारण तिच्या मते जेवणापेक्षा मोठी बातमी असूच शकत नाही.

चिकोडीचे सर:
थोडा विरस करतो, त्याबद्दल रागावू नये. स्वीडनमध्ये एका कंपनीने हेच चित्र नोकरभरतीच्या जाहिरातीला वापरले होते. मुलगा म्हणजे तुम्ही, मैत्रीण म्हणजे तुमची सध्याची नोकरी आणि लाल पोशाख म्हणजे ती कंपनी. तिथल्या जाहिरात लोकपालांनी २०१८ मध्ये ती जाहिरात लिंगभेद करणारी ठरवली, कारण तिच्यात स्त्रिया बदलता येण्याजोग्या वस्तूंसारख्या दाखवल्या होत्या. आमच्या वर्गात मी हे सांगितल्यावर एका विद्यार्थिनीने मुलावर 'परीक्षक', मैत्रिणीवर 'उत्तर' आणि लाल पोशाखावर 'सुवाच्य अक्षर' असे लिहून दिले. चित्र तेच राहिले, पण टोला माझ्यावर आला, आणि तो योग्यच होता असे मला वाटते.

खानापूरची सून:
सर, मंडळाच्या स्पर्धेला त्या मुलीलाच परीक्षक करा. आमच्याकडे दरवर्षी अध्यक्षांचे मेहुणे असतात.

निपाणीकर:
माझ्या वडिलांनी असले चित्र कधी पाहिले नव्हते. मी मुलावर 'शेतकरी', मैत्रिणीवर 'तंबाखू' आणि लाल पोशाखावर 'ऊस' असे लिहून त्यांना दाखवले, तेव्हा त्यांनी चष्मा लावून ते बराच वेळ निरखले. हसतील असे वाटले होते, पण त्यांनी गंभीरपणे विचारले, "आणि उसाचं बिल कुठं हाय?" मी म्हटले की चित्रात तीनच माणसे आहेत. त्यावर ते म्हणाले, "मग बरोबर हाय. ते अजून आलंच न्हाई."

टिळकवाडी_तिसरे_गेट:
पहिले बक्षीस काकांना द्या आणि तेही रोख द्या.