मदत हवी आहे: फुकेने ते पद विकलंच का?

मंडळी, चौदाव्या लुईचा अर्थमंत्री निकोला फुके याच्यावर लेख लिहायला घेतलाय आणि एका जागी घोडं अडलंय. फ्रेंच इतिहासातल्या जाणकारांनी हात द्यावा.

रूढ गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. १७ ऑगस्ट १६६१ ला फुकेने व्हो-ल-व्हिकोंतच्या नव्याकोऱ्या महालात राजाला मेजवानी दिली. मोलिएरचं नवं नाटक, आतषबाजी, सगळा थाट. राजाच्या डोळ्यांत ते खुपलं आणि ५ सप्टेंबरला नांतमध्ये दार्तान्याँने (हो, ‘थ्री मस्केटियर्स’ कादंबरीतला तोच!) त्याला पकडलं. ऐकायला झकास, पण अटकेचं मेजवानीच्या काही महिने आधीच ठरलं होतं. त्यामुळे आतषबाजीवर खापर फोडण्यात अर्थ नाही.

माझा खरा प्रश्न वेगळाच आहे. फुके १६५० पासून पॅरिसच्या पार्लमाँचा, म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायालयाचा, मुख्य सरकारी वकीलही होता. त्या पदामुळे त्याच्यावर खटला चालवायचा तर तो पार्लमाँपुढेच, आपल्याच लोकांसमोर चालला असता. ही त्याची कवचकुंडलं. आणि १६६१ च्या उन्हाळ्यात त्याने ती चौदा लाख लिव्रला विकली, वर त्यातले दहा लाख राजालाच दिले! आणखी मोठ्या मानाचं आमिष दाखवून त्याचा प्रतिस्पर्धी अर्थाधिकारी कोलबेर याने त्याला भरीस घातलं, असं सांगतात. पण कोलबेर आपल्या वाईटावर आहे हे फुकेला पक्कं ठाऊक होतं. १६५९ मध्ये कोलबेरने मुख्य मंत्री कार्डिनल माझारँला फुकेविरुद्ध लिहिलेल्या टिपणाची नक्कल टपालखात्यातल्या माणसाकरवी फुकेच्या हाती आली होती. असा मुरलेला वकील फसला कसा? की मार्चमध्ये माझारँ वारल्यावर त्याची जागा आपल्यालाच मिळणार, या आशेने तो आंधळा झाला?

दुसरी शंका हिशेबाची. कायद्याने व्याजाची कमाल मर्यादा साधारण साडेपाच टक्के होती, पण त्या दराने राजाला कोणी कर्ज देईना. मग वरचं व्याज लपवायला कारण न लिहिता रोख रक्कम देण्याचे हुकूम निघायचे. शिवाय बुडीत निघालेल्या सरकारी चिठ्ठ्या कवडीमोलाने घ्यायच्या आणि नव्या महसुलावर पूर्ण किमतीला वटवायच्या, हाही धंदा जोरात होता. फुके स्वतःची पत वापरून कर्ज काढून खजिना चालवत होता, त्यामुळे त्याचा पैसा कुठे संपतो आणि राजाचा कुठे सुरू होतो हेच कळत नाही. याच काळात माझारँने साडेतीन कोटींच्या घरात माया जमवली, तिची चौकशी कोणी केली नाही. मला तर वाटतं, त्या मायेकडे कोणाचं लक्ष जाऊ नये, हेही फुकेला लटकवण्यामागचं एक कारण असावं. कोलबेरच माझारँची दौलत सांभाळत होता ना! (आपल्याकडे कोलबेर आठवतो तो सुरतेत वखार घालणाऱ्या फ्रेंच कंपनीमुळे.)

१६६४ च्या निकालात तेरा न्यायाधीशांनी हद्दपारी सुचवली, नऊ जणांनी देहदंड. राजाने हद्दपारीची जन्मठेप केली. शिक्षा कमी करायचा अधिकार राजाने वाढवायला वापरला, याची दुसरी उदाहरणं आहेत का?

फुकेने कैदेतून लिहिलेली बचावाची निवेदनं तेव्हा चोरून छापली गेली होती. ती कोणी वाचली असतील तर पद विकण्याबद्दल त्यात तो स्वतः काय म्हणतो तेवढं सांगा. इंग्रजी अनुवाद असला तरी चालेल, माझं फ्रेंच कामचलाऊ आहे.