फुकटच्या टूलवर ओरडायचा हक्क कुणाला?

अर्धविराम

कुठल्याही लोकप्रिय लायब्ररीचं (इतरांना वापरायला दिलेल्या तयार कोडचं) इश्यूंचं, म्हणजे तक्रारींचं, पान उघडा. 'सहा महिने झाले, कुणी आहे का इथे?', 'आमचं प्रॉडक्शन अडलंय, तातडीने बघा'. पगारी माणसाशीही असं बोलू नये. इथे तर समोरचा बहुतेक वेळा नोकरी सांभाळून उरलेल्या तासांत ते टूल चालवतोय. अन्नछत्री जेवायचं आणि वर मिरपूड मागायची, दुसरं काय!

एमआयटी परवान्यात (फुकट सॉफ्टवेअरसोबत येणारा एक प्रचलित परवाना) मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की सॉफ्टवेअर 'जसं आहे तसं' दिलंय, कसलीही हमी नाही. आपण ते न वाचता इन्स्टॉल करतो. बग सापडला तर दुरुस्त करून पुल रिक्वेस्ट (आपला बदल मूळ कोडात घ्यायची विनंती) पाठवा, पैसे मोजून करून घ्या, नाहीतर फोर्क करा, म्हणजे कोडची स्वतःची प्रत काढून ती सांभाळा. तगाद्याची सोय परवान्यात नाही.

कोअर-जेएस घ्या. जुन्या ब्राउझरवर नवी जावास्क्रिप्ट चालावी म्हणून लागणारे पॉलिफिल, म्हणजे उणीव भरून काढणारे कोडचे तुकडे. बेबेलमार्फत (नवी जावास्क्रिप्ट जुन्या रूपात बदलणारं टूल) ते इतकं पसरलं की वापरणाऱ्या बऱ्याच जणांना आपण ते वापरतो हेही ठाऊक नसतं. २०१९ मध्ये त्याच्या कर्त्याने इन्स्टॉलच्या वेळी टर्मिनलवर निरोप दाखवायला सुरुवात केली: प्रकल्पाला मदत करा, आणि मी चांगल्या नोकरीच्या शोधात आहे. लोक भडकले ते त्या चार ओळींवर!

एक्सझेडचं प्रकरण याहून वाईट. ते फ्रंटएंडचं, म्हणजे ब्राउझरमधल्या बाजूचं, नाही, पण इथे सांगायलाच हवं. लिनक्सवर जिथे तिथे असलेली ही कॉम्प्रेशनची लायब्ररी मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता. २०२२ मध्ये काही खात्यांनी त्याच्यामागे टुमणं लावलं: पॅच (लोकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या) पडून आहेत, जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. आपलं मानसिक स्वास्थ्य बरं नाही असं त्याने सांगितलं, तरी टुमणं चालूच. पुढे एका मदतनिसाला अधिकार मिळाले, आणि मार्च २०२४ मध्ये उघड झालं की याच मदतनिसाच्या खात्यावरून त्यात चोरदरवाजा बसवला गेला होता. एसएसएच लॉगिनला (दुरून दुसऱ्या संगणकात शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे शोधताना एका इंजिनियरला तो सापडला. टुमणं लावणारी खाती त्याच कटातली आणि बनावट असावीत असा दाट संशय आहे. मला धास्ती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ते मेल आले तेव्हा कुणाला त्यात कट दिसला नाही, कारण वापरकर्ते एरवीही असंच बोलतात.

तेव्हा माझं मत: पैसे देत नसाल तर बग नीट लिहून कळवा आणि गप्प बसा. उत्तर आलं तर ठीक, नाही आलं तरी ठीक.

जुनी शाखा

सौजन्य हवं, मान्य. पण 'गप्प बसा' मान्य नाही.

अन्नछत्रवाला लोकांना हाताला धरून आत ओढत नाही, टूलवाले ओढतात. 'प्रॉडक्शनसाठी सज्ज' अशी पाटी, परिषदांतली भाषणं, किती स्टार मिळाले त्याची जाहिरात. आम्ही विश्वास ठेवतो, चार-पाच वर्षांचा कोड त्यावर उभा राहतो, आणि मग एका सकाळी 'नव्याने लिहिलंय, जुनं विसरा'. अँग्युलरजेएसवर (वेब अ‍ॅप बांधायचं टूल) काम केलेल्यांना २०१६ चं अँग्युलर २ आठवत असेल. नाव तेवढं सारखं.

शिवाय 'पैसे नाहीत म्हणून हक्क नाही' हे आपल्याच क्षेत्रात सगळीकडे पाळलं जात नाही. जावास्क्रिप्टच्या अ‍ॅरेला (यादीला) 'फ्लॅटन' नावाची मेथड (तयार क्रिया) यायची होती. २०१८ मध्ये लक्षात आलं की मूटूल्स ही २००६ पासूनची लायब्ररी त्याच नावाची स्वतःची मेथड अ‍ॅरेवर चढवते, आणि ब्राउझरने नवी मेथड आणली तर जुन्या साइट मोडतात. कुणी गमतीने 'स्मूश' नाव सुचवलं, त्यावरून रणकंदन झालं, आणि शेवटी नाव 'फ्लॅट' ठेवलं. त्या जुन्या साइटवाल्यांनी कुणाला छदाम दिला नव्हता. तरी त्यांच्यासाठी अख्ख्या भाषेने माघार घेतली. कारण तिथे नियमच आहे, वेब मोडायचं नाही. एनपीएमच्या (जावास्क्रिप्ट पॅकेजेसचं सार्वजनिक कोठार) जगात एवढी लाज का नसावी?

निशाचर

फ्लॅटनचा मुद्दा आवडला. भर घालतो: लोकांना सेवा नको असते, स्पष्ट निरोप हवा असतो. मोमेंट.जेएसच्या (तारीख-वेळ हाताळणारी लायब्ररी) टीमने सप्टेंबर २०२० मध्ये स्वतःच लिहून टाकलं की आता फक्त देखभाल होईल, नव्या कामाला आमचं टूल घेऊ नका. पर्यायांची यादीही दिली. असं लिहायला किती वेळ लागतो?

अर्धविराम

@जुनी शाखा, फ्लॅटनची माघार ज्यांनी घेतली त्यांतल्या बहुतेकांना ब्राउझर कंपन्यांचा पगार आहे. वेब न मोडणं हे त्यांचं काम आहे, त्याची किंमत कुणीतरी मोजतंय. रात्री अकराला लॅपटॉप उघडणाऱ्याकडून तीच अपेक्षा कशी करता? त्याचं टूल, त्याची मर्जी. उद्या काढून घेतलं तरी.

@निशाचर, मोमेंटबद्दल पूर्ण सहमत. असे निरोप जास्त यायला हवेत.

जुनी शाखा

> उद्या काढून घेतलं तरी.

हे करून झालंय. मार्च २०१६, लेफ्ट-पॅड. नावावरून वाद झाला, कर्त्याने एनपीएमवरची आपली सगळी पॅकेजेस उतरवली, आणि त्यातल्या लेफ्ट-पॅड या ११ ओळींच्या फंक्शनपायी जगभरचे बिल्ड (कोड जुळवून सॉफ्टवेअर तयार करायची कामं) पडले. एनपीएमने काही तासांत ते परत आणून बसवलं आणि पुढे नियम बदलला. आता ७२ तास उलटून गेले आणि इतर पॅकेजेस त्यावर अवलंबून असतील तर सहजासहजी काढता येत नाही. म्हणजे मर्जीला मर्यादा आहे हे नियमात लिहून झालंय. आपण वाद घालतोय तो मर्यादा कुठे आखायची एवढाच.

नवखा

धाग्यात सगळे मुरलेले दिसतात, म्हणून जरा दुसरी बाजू. 'पुल रिक्वेस्ट पाठवा' हे सांगायला सोपं. मी पाठवली, चाचण्यांसकट. महिनोन्महिने पडून राहिली आणि मग एका बॉटने 'हालचाल नाही' म्हणून बंद केली. हालचाल करायची कुणी? स्टॅक ओव्हरफ्लोवर (प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट) विचारावं तर 'डुप्लिकेट', आणि दुवा अशा उत्तराचा ज्यात जेक्वेरी ही जुनी लायब्ररी आहे. आता मी एआयला विचारतो. तो चुकतो, पण हिडीसफिडीस करत नाही.

खिडकीतली

@नवखा, चिडचीड कळते, पण बॉट उगाच आले नाहीत. २०२० चा हॅक्टोबरफेस्ट, म्हणजे ऑक्टोबरातली अशा प्रकल्पांना हातभार लावायची मोहीम, पाहा. चार पुल रिक्वेस्टला एक टी-शर्ट. रीडमी फाइलमध्ये (प्रकल्पाची ओळख करून देणारी) एखादं विशेषण घुसडायचं की झाली रिक्वेस्ट. आयोजकांना काही दिवसांतच नियम फिरवावा लागला, की ज्या प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिलाय तिथल्याच रिक्वेस्ट मोजायच्या. असा कचरा उपसल्यावर खऱ्या माणसाची रिक्वेस्टही संशयानेच उघडली जाते.

मला जास्त खटकतं ते डिस्कॉर्ड, गप्पांचं अ‍ॅप. उत्तरं मिळतात, गोड बोलतात, आणि महिन्याभराने तेच उत्तर शोधायला जावं तर गुगलला त्याचा पत्ताच नाही. स्टॅक ओव्हरफ्लोवरचा खडूस माणूस निदान पुढच्या दहा जणांसाठी लिहून ठेवायचा.

हिशेबनीस

हक्क-कर्तव्य बाजूला ठेवा. मे २०२१ मध्ये बेबेलने जाहीर लिहिलं की आम्हाला लाखो लोक वापरतात आणि आमचे पैसे संपत आलेत. त्यात सगळेच वापरकर्ते कंजूष होते असं मी मानत नाही. कंपनीच्या खात्यात 'देणगी' म्हटलं की दहा सह्या लागतात. 'सपोर्ट कंत्राट, वार्षिक' असं बिल आलं की तोच आकडा सहज सुटतो. ज्यांना जमेल त्यांनी पाटीवर 'मदत करा' ऐवजी बिलाचा नमुना ठेवावा. आणि डेव्हलपर मंडळींनी 'एनपीएम फंड' ही आज्ञा चालवून येणारी, आपण वापरतो त्यांतल्या निधी मागणाऱ्या पॅकेजेसची यादी मॅनेजरला पाठवावी. माझ्या टीममधल्या बऱ्याच जणांना ही आज्ञा आहे हेच माहीत नव्हतं.

अर्धविराम

बिलाची कल्पना पटली. पण मग त्या बिलावाल्याचा इश्यू आधी बघायचा, हेही आलंच. बाकीच्यांनी तेव्हा 'भेदभाव' म्हणून ओरडू नये. आणि मोठ्या बदलांबद्दल: कुणी सक्ती करत नाही. लॉक फाइल (आवृत्त्या गोठवून ठेवणारी) आहे, जुन्या आवृत्तीवर राहा.

जुनी शाखा

राहा म्हणजे किती दिवस? ईएसलिंटची (कोडमधल्या चुका दाखवणारं टूल) ९ वी आवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये आली, कॉन्फिगची (सेटिंग लिहायची) रीतच बदलली, आणि ८ चा आधार त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात संपला. त्यानंतर जुन्यात सुरक्षेची फट निघाली तर ती बुजवायची कुणी? व्ह्यूने (वेबपानं बांधायचं टूल) २ वरून ३ वर जायला सप्टेंबर २०२० ते डिसेंबर २०२३ एवढा अवधी दिला, मध्ये २.७ काढून नव्यातलं बरंच काही जुन्यात आणलं. तेही लोकांच्या मदतीवर चालणारंच टूल. बिल कुणी भरो न भरो, मी नवं टूल निवडताना आधी हाच इतिहास बघतो.